एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून पेढे वाटले, त्याची गोष्ट (लिव्हरचे जुने दुखणे आणि रक्ताचे रिपोर्ट)

बगॅसवाला | शुक्रवार, रात्री १०:१२

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "सिऱ्होसिस आहे पण एसजीपीटी नॉर्मल आलाय, मग घाबरायचं कशाला?" (सिऱ्होसिस म्हणजे जुन्या इजेने लिव्हर निबर, गाठाळ होणं; एसजीपीटी हा लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा.) तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं लांबलं. म्हणून वेगळा धागा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे, वय ५४. आकड्यांशी रोजचा संबंध, तेवढंच भांडवल.

२००९ साली कारखान्यावर रक्तदान शिबिर झालं. पंधरा दिवसांनी रक्तपेढीचा निरोप आला, येऊन भेटा. हिपॅटायटिस बी. तेव्हा एसजीपीटी ३४ होता. "दारू नको आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करत राहा," असं सांगितलं गेलं. दारू मी घेतच नव्हतो, त्यामुळे पहिली अट लगेच पाळली. दुसरी विसरलो. विसरलो म्हणजे काय, आकडा नॉर्मल होता ना! २०१८ ला मुतखडा म्हणून सोनोग्राफी केली, तर खडा राहिला बाजूला आणि "लिव्हरची कड खडबडीत, पांथरी वाढलेली" असा रिपोर्ट हातात आला. नऊ वर्षं आत आग धुमसत होती आणि मी धूर दिसत नाही म्हणून निवांत.

टेनोफोविर (बी विषाणूला दाबणारी गोळी) सुरू झालं. सात-आठ महिन्यांनी एसजीपीटी ३१. मी लॅबवाल्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना पेढे दिले. डॉक्टरांच्या टेबलावरही पुडा ठेवला. त्यांनी पेढा घेतला, लिव्हरच्या पानावर एक नजर टाकली आणि पान उलटून सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) पानावर थांबले. प्लेटलेट्स एक लाख चार हजार. बोट त्या आकड्यावर ठेवून म्हणाले, "गोळी काम करतेय, छान. पण तुमचं लिव्हर कसं आहे ते मला इथे दिसतं."

मला तेव्हा हे कळलंच नाही. लिव्हरचा आजार, आणि हा माणूस प्लेटलेट्स काय बघतोय? नंतर हळूहळू जे समजलं ते असं.

एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आतले एन्झाइम. पेशी दुखावल्या, फुटल्या की ते रक्तात सांडतात. म्हणजे हे आकडे *आत्ता किती मोडतोड चालू आहे* ते सांगतात. लिव्हर काम किती करतंय, हे ते सांगत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा मिलचा खडखडाट. खडखडाट वाढला की बिघाड आहे हे खरं. पण आवाज नाही म्हणजे मिल उत्तम चाललीय असं थोडंच? गाळप संपल्यावरही कारखान्यात आवाज नसतो.

उतारा, म्हणजे लिव्हर प्रत्यक्ष काम किती करतंय ते, बघायचा तर तीन आकडे. अल्ब्युमिन, कारण हे प्रथिन लिव्हरच बनवतं. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप), कारण रक्त गोठवणारे बरेचसे घटक लिव्हरमध्येच तयार होतात. आणि बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य), कारण ते गाळून पित्तात टाकायचं काम लिव्हरचं. अल्ब्युमिन सावकाश हलतं, रक्तात त्याचा अर्धा साठा संपायला सुमारे तीन आठवडे लागतात. आयएनआर मात्र दोन-चार दिवसांत हलू शकतो.

प्लेटलेट्सचं कोडं सगळ्यात उशिरा सुटलं. आतड्यांकडून आणि पांथरीकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हर भेंडीसारखं निबर झालं की रक्ताला आत जायला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो, पांथरी फुगते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट्स बनवायचा हुकूम देणारं एक संप्रेरकही लिव्हरच तयार करतं, तेही कमी पडतं. त्यामुळे वर्षागणिक उतरत जाणाऱ्या प्लेटलेट्स ही बऱ्याचदा सिऱ्होसिसची पहिली चाहूल असते. माझ्या २०१३ च्या एका जुन्या सीबीसीत त्या एक लाख अडतीस हजार होत्या. तो रिपोर्ट मी तापासाठी केला होता. ताप गेला, रिपोर्ट फायलीत गेला.

आता माझा मागच्या महिन्याचा रिपोर्ट: एसजीओटी ४६, एसजीपीटी २८, बिलिरुबिन १.६, अल्ब्युमिन ३.३, आयएनआर १.३, प्लेटलेट्स ९८ हजार. पोटात पाणी नाही, डोकं ठिकाणावर आहे (बायकोचं मत वेगळं). बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि गुंगी अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण देऊन चाइल्ड-प्यू नावाचा हिशोब करतात. पाच-सहा गुण म्हणजे ए वर्ग, सात ते नऊ बी, दहा आणि पुढे सी. माझे सहा. सहावा गुण अल्ब्युमिनने दिला, ते ३.५ च्या खाली आहे म्हणून. शाळेत जास्त गुण मिळाले नाहीत, इथे नको तिथे मिळाले.

तुमचे अनुभव लिहा.

---

नळदुर्गकर | शुक्रवार, रात्री ११:०३

वाचनखूण साठवली. खडखडाट आणि उतारा, एकदम डोक्यात बसलं.

माझी उलटी गत. वय ४५, फॅटी लिव्हर. एसजीपीटी ६२, ठळक अक्षरात, शेजारी लाल 'एच'. एसजीओटी ३८, प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. तीन रात्री झोप नाही. मी तुमच्यापेक्षा जास्त गेलेली केस का?

---

काचपट्टी | शनिवार, सकाळी ७:४०

पॅथॉलॉजिस्ट आहे, नळदुर्गकरांसाठी एक छोटं गणित टाकते. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं (प्लेटलेट्स हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ) याने.

तुमचं: ४५ × ३८ = १७१०. ६२ चं वर्गमूळ ७.८७, गुणिले २४० म्हणजे साधारण १८९०. भागाकार ०.९.

बगॅसवाला यांचं: ५४ × ४६ = २४८४. २८ चं वर्गमूळ ५.२९, गुणिले ९८ म्हणजे ५१८. भागाकार ४.८.

१.३ च्या खाली असेल तर लिव्हर फार निबर झालेलं असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर पुढच्या तपासण्या हव्यातच. पासष्टीच्या पुढे खालची रेघ २ धरतात, कारण गणितात वयच आहे. तरुण मुलांत हे गणित नीट चालत नाही.

म्हणजे ज्यांच्या रिपोर्टवर लाल 'एच' आहे त्यांचं ०.९, आणि ज्यांचा एसजीपीटी छान काळ्या अक्षरात आहे त्यांचं ४.८. लाल रंग संगणक देतो, त्याला पेशंट दिसत नाही.

नळदुर्गकर, झोपा. पण ६२ सोडून देऊ नका. वजन, साखर, कोलेस्टेरॉल बघा आणि बी, सी हिपॅटायटिसची तपासणी एकदा करून टाका. फॅटी लिव्हर दिसलं की बाकी काही शोधायचंच नाही, असा एक आळस आपल्याकडे आहे.

---

नळदुर्गकर | शनिवार, सकाळी ८:१५

धन्यवाद डॉक्टर. दोन्ही गणितं बायकोला करून दाखवली. ती म्हणाली, वजन कमी करायला वर्गमूळ कशाला लागतं?

---

थेम्सकाठी | शनिवार, दुपारी २:२६

चांगला धागा. मी गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये. मला पीबीसी आहे, म्हणजे लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांवर शरीर स्वतःच हल्ला करतं. यातल्या 'सी'चा अर्थ २०१५ पर्यंत सिऱ्होसिस होता, मग तो बदलून कोलँजायटिस केला, कारण बहुतेकींना निदानाच्या वेळी सिऱ्होसिस नसतोच. त्या एका शब्दाने मी किती रडले होते ते विचारू नका.

माझ्या आजारात एसजीपीटी दुय्यम. आम्ही बघतो अल्कलाइन फॉस्फटेज (पित्तनलिका दुखावल्या की वाढणारं एन्झाइम) आणि बिलिरुबिन. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केल्यावर वर्षभरात फॉस्फटेज किती उतरलं, यावर पुढचं सगळं ठरतं. हे एन्झाइम हाडांतूनही येतं, म्हणून सोबत जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम बघतात. तोही वाढलेला असेल तर दोष लिव्हरकडे, नसेल तर हाडांकडे. माझी पुतणी चौदा वर्षांची, तिचं फॉस्फटेज बघून वहिनीने मला रात्री दोनला फोन केला होता. अगं, वाढत्या वयात ते जास्तच असतं!

आणखी एक घोळ एककांचा. इथे बिलिरुबिन मायक्रोमोलमध्ये देतात. माझं २७ आलं, बाबांना पुण्याला फोटो पाठवला, तर त्यांनी "सत्तावीस? कावीळ!" म्हणून आत्याला, मामाला, सगळ्यांना कळवलं. २७ ला १७.१ ने भागा, १.६ येतं. बगॅसवाला यांच्याइतकंच. अल्ब्युमिनही इथे लिटरला ग्रॅममध्ये, त्यामुळे त्यांचं ३.३ इथे ३३ दिसेल.

---

आडगावचा_गण्या | शनिवार, सायंकाळी ६:५०

एवढे आकडे कशाला राव. आमच्याकडे एक बाबा कावीळ उतरवतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, डोळ्यादेखत. माझ्या मेव्हण्याची उतरली. सोबत रोज गुळवेलीचा काढा. हजारो वर्षांचं ज्ञान आहे, लिव्हर नवं होतं.

---

बगॅसवाला | शनिवार, रात्री ९:३०

गण्याभाऊ, रागावू नका. मेव्हण्याची कावीळ खराब पाण्यातून आलेली असणार, म्हणजे ए किंवा ई विषाणूची. ती बहुतेक जणांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. बाबा असोत नसोत. बाबांकडे जाईपर्यंत निम्मी उतरलेलीच असते, म्हणून बाबांचं नाव होतं. माझी बी विषाणूची आहे. ती अशी उतरत नाही.

---

काचपट्टी | शनिवार, रात्री १०:०५

गुळवेलीबद्दल. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो तुम्ही वाचला असेल. मी वादात पडत नाही. आधीच लिव्हरचं दुखणं असलेल्याने कुठलाही काढा, भस्म, जिमची पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, आणि सुरू केलंच असेल तर लपवू नये. रिपोर्ट बिघडल्यावर आम्ही विचारतो तेव्हा सगळे "काही घेत नाही हो" म्हणतात. पिशवीतून मग चार बाटल्या निघतात.

---

आडगावचा_गण्या | शनिवार, रात्री १०:११

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

ओढाळ | रविवार, सकाळी ९:१८

ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीर स्वतःच लिव्हरवर हल्ला करतं), चार वर्षं. गोळ्यांवर एसजीपीटी २५-३० च्या घरात. दोन महिन्यांपूर्वी एकदम एसजीओटी ११८, एसजीपीटी ५७. डॉक्टर म्हणाले आजार उसळला असेल, स्टेरॉइड वाढवू. मग त्यांनीच विचारलं, व्यायाम? आदल्या दिवशी सहा महिन्यांनी जिमला गेलो होतो, शंभर बैठका मारल्या होत्या. जिना उतरता येत नव्हता. सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) केलं, ते हजारांत. आठ दिवस आराम करून परत तपासलं तर ३१ आणि २९.

---

काचपट्टी | रविवार, सकाळी १०:४४

उत्तम उदाहरण. एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतो, एसजीपीटी तिथे बराच कमी. एसजीओटी एकटाच उंच दिसला तर आधी स्नायू आठवा. रक्त काढताना नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरीही एसजीओटी वाढतो.

लॅबच्या आतलं आणखी एक. प्लेटलेट्स अचानक ४० हजारांवर आल्या म्हणून घाबरलेले लोक येतात. काही जणांच्या प्लेटलेट्स त्या जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि यंत्र गठ्ठ्याला एक मोजतं. काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की गठ्ठे दिसतात. निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त घेतलं की बहुतेकदा खरा आकडा मिळतो. म्हणून पडलेला आकडा एकदा तपासून घ्यावा, आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जावं. 'स्वस्त पॅकेज' बघून दर वेळी लॅब बदलणाऱ्यांचा आलेख मला लावता येत नाही.

---

मी_मधुरा | रविवार, रात्री ११:५२

उशिरा लिहितेय, पण विचारायचं आहे. सासूबाई ६८, मधुमेह, फॅटी लिव्हरचाच पुढे सिऱ्होसिस झालाय, दोन वर्षं झाली. परवाचा रिपोर्ट: एसजीपीटी २२, एसजीओटी ४१, बिलिरुबिन २.१, अल्ब्युमिन २.९. सोडियम १३१ आहे. नवरा म्हणतो एसजीपीटी सगळ्यात चांगला आलाय, आई बरी होतेय. आणि तीन महिन्यांची साखरही ५.४ आली, पण घरच्या यंत्रावर जेवणानंतर २०० च्या खाली येत नाही.

मला वेगळंच वाटतंय. चार दिवस त्या दिवसा पेंगतात आणि रात्री जाग्या असतात. काल वाण्याची यादी लिहायला बसल्या. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. कालची यादी एका ओळीत सुरू होऊन कोपऱ्यात घसरली, 'तूरडाळ' तीनदा. आज चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. वयामुळे असेल का?

---

काचपट्टी | सोमवार, पहाटे ५:२०

मधुराताई, हे वय नाही असं धरून चाला. झोपेची उलटापालट, अक्षर बिघडणं, चुका होणं ही लिव्हरमुळे येणाऱ्या गुंगीची सुरुवात असू शकते. आतड्यातली अमोनियासारखी द्रव्यं लिव्हर गाळू शकत नाही आणि ती मेंदूपर्यंत जातात. एसजीपीटी २२ चा याच्याशी काही संबंध नाही. २.१ आणि २.९ कडे बघा. आजच डॉक्टरांकडे न्या, शक्यतो त्यांच्या नेहमीच्या. यादी सोबत न्या, दाखवा. पोट साफ होतंय का, ताप आहे का, शौचाला काळं होतंय का, झोपेची गोळी कुणी दिली का, लघवी होण्याच्या गोळ्या वाढवल्यात का, हे आठवून ठेवा. ताप नाही, पोट दुखत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका.

तीन महिन्यांच्या साखरेचं: पांथरी वाढलेली असली की लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. घरचं यंत्र खरं बोलतंय.

---

बगॅसवाला | सोमवार, सकाळी ६:१०

मधुराताई, निघालात का? कळवा.

---

थेम्सकाठी | सोमवार, दुपारी १:०५

या गुंगीची कुठे रक्ततपासणी नसते का? अमोनिया मोजतात ना?

---

काचपट्टी | सोमवार, दुपारी ३:३२

मोजतात, पण नमुना बर्फात ठेवून लगेच चालवावा लागतो, नाहीतर आकडा आपोआप चढतो. आणि आकड्यावरून गुंगी किती आहे ते ठरत नाही. पेशंटला बघूनच ठरवतात. सुनेने वाण्याची यादी पाहिली, ती माझ्या यंत्राच्या आधीची तपासणी होती.

---

मी_मधुरा | बुधवार, रात्री ९:१५

सोमवारी सकाळीच नेलं, दाखल करून घेतलं. पाच दिवस पोट साफ नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात पायांच्या सुजेसाठी लघवीच्या गोळीचा डोस एकाने वाढवला होता, तो कमी केला. लॅक्टुलोज सुरू केलंय, दिवसातून दोन-तीनदा मऊसर शौच झाली पाहिजे, तेवढा डोस घरी आम्हीच वरखाली करायचा. पोटात थोडं पाणी होतं, सुईने काढून तपासलं, जंतुसंसर्ग नाही.

डाएटच्या बाईंनी मला झापलं. कुणीतरी सांगितलं म्हणून मी वरण, दूध बंद करून नुसती पेज देत होते. त्या म्हणाल्या प्रथिनं तोडायची नाहीत, मूठभर डाळ, दही, पनीर, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्यायचंच, सकाळपर्यंत उपाशी ठेवायचं नाही. म्हणजे एकादशी बंद. हे त्यांना कोण सांगणार?

नवरा रिपोर्टची फाईल घेऊन बसलाय. दोन वर्षांचं अल्ब्युमिन ओळीने लिहून काढलं: ३.६, ३.४, ३.३, २.९. एसजीपीटी या सगळ्या काळात सुधारत होता. तो काही बोलला नाही, नुसता कागदाकडे बघत राहिला.

---

बगॅसवाला | बुधवार, रात्री ९:५८

हुश्श. त्यांना सांगा, मी नऊ वर्षं तेच केलं.

एकादशीचं सोपं आहे. आमच्या आईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध घेणाऱ्याला उपास माफ असतो. तिने ते थेट विठोबाची परवानगी असल्यासारखं मान्य केलं.

दुखलं-खुपलं तर दुकानातून डायक्लो, आयब्युप्रोफेन आणून देऊ नका, किडनी आणि रक्तस्राव दोन्हीकडून घात होतो. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि विचारून.

---

नळदुर्गकर | गुरुवार, सकाळी ७:०२

बगॅसवाला, तुम्ही आकडे कसे ठेवता? एक्सेल? आणि टेनोफोविर महाग पडत नाही का?

---

बगॅसवाला | गुरुवार, रात्री १०:२०

एक्सेल नाही, कारखान्याची जुनी पाळीवही (पाळीच्या, म्हणजे शिफ्टच्या, नोंदींची वही). आडव्या रेघा आधीच आखलेल्या. डावीकडे तारीख, मग प्लेटलेट्स, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन (टेनोफोविर किडनीला त्रास देऊ शकतं म्हणून), सोडियम, शेवटी एसजीपीटी. मुद्दाम शेवटी. विषाणूचा डीएनए वर्षातून एकदा, सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या गाठीचा इशारा देणारी वेगळी रक्ततपासणी) दर सहा महिन्यांनी, कारण गाठ झाली तर ती लहान असताना सापडायला हवी. तीही रक्ताच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये कळत नाही. शेवटच्या रकान्यात शेरा: 'सर्दी', 'लग्नात जागरण', 'लॅब बदलली'.

गोळीचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ ला केंद्राचा व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यातून सरकारी उपचार केंद्रांवर बी आणि सी ची औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मात्र एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून मनाने गोळी बंद करू नका. माझ्या ओळखीच्या एकाने केली. तीन महिन्यांनी एसजीपीटी नऊशे आणि डोळे हळदीसारखे.

घरच्यांची तपासणी केली का, असं दोघातिघांनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलंय. हो. बायको आणि मुलगा दोघंही निगेटिव्ह, दोघांनाही लस दिली. भाऊ पॉझिटिव्ह निघाला. त्याचा एसजीपीटी ३० आहे, आणि तो सध्या माझ्याशी बोलत नाही, कारण मी त्याला प्लेटलेट्स विचारल्या.

---

मी_मधुरा | शुक्रवार, सकाळी ८:४०

काल घरी आणलं. आज सकाळी चहा दिला तर म्हणाल्या, "मधुरा, यात साखर घातलीस का नुसतीच दाखवलीस?" मग वही मागून वाण्याची यादी स्वतः लिहिली. ओळ सरळ आहे. तूरडाळ एकदाच.

पाळीवही कुठे मिळते?

---

बगॅसवाला | शुक्रवार, सकाळी ९:०१

पत्ता व्यनित पाठवा. कपाटात सात कोऱ्या पडल्यात.